शाईची पिचकारी

नवा प्रिंटर घ्यायचा असं ठरलं त्या रात्री आमच्या घरात दोन पक्ष पडले. तसे ते एरवीही असतात. पण एरवी एका पक्षात आई, सौ. आणि कन्या असतात आणि दुसऱ्या पक्षात मी असतो. या वेळी प्रथमच विभागणी जरा न्याय्य झाली.

साधा, सगळ्या कामांना चालणारा प्रिंटर घ्यावा, असं सौ.चं मत. ती आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. 'उद्या पाणी येणार नाही' आणि 'आपले वाहन आपल्याच जागेत लावावे' या दोन विषयांवर तिचं विपुल लेखन जिन्यातल्या फळ्यावर प्रसिद्ध झालेलं आहे, आणि ते सगळं काळ्या शाईत आहे. उलट, खास फोटो छापणारा सहा रंगांचा प्रिंटर घ्यावा, असं कन्येचं मत. मी कुठल्याच पक्षात नव्हतो. मी कॉमर्सचा पदवीधर, आणि बावीस वर्षं बँकेत क्लार्क. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की माझं काम संपतं. कुठली बाजू खरी, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

आई मात्र काहीच बोलली नाही. तिनं भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "हल्ली हे रागावल्यासारखे दिसतात."

इथं मला त्या फोटोची हकिगत सांगितली पाहिजे, कारण त्यात आरोपी मी आहे.

बाबा गेले २००९ साली. प्राथमिक शाळेत मास्तर असूनही त्यांनी उभ्या जन्मात कोणावर छडी उगारली नाही. शाळेच्या प्रत्येक ग्रुप-फोटोत ते होते, पण एकट्याचा असा त्यांचा एकही फोटो नव्हता. तेराव्याला हार घालायचा तो कशाला, असा प्रश्न पडला. शेवटी आतेभावाच्या कॅमेऱ्यातला एक फोटो सापडला. आकाशी रंगाचा शर्ट, मागं महाबळेश्वरचं धुकं, आणि बाबा चक्क हसताहेत. तो मी रात्री घरच्या प्रिंटरवर छापला. पण छापण्याआधी काडतूस रिकामं असल्याचं लक्षात आलं. (कार्ट्रिजला मी काडतूसच म्हणतो. किंमत ऐकून माणूस जागच्या जागी आडवा होतो.) नवं काडतूस आणण्याऐवजी मी स्टेशनाजवळून सुट्या शाईच्या तीन बाटल्या आणि इंजेक्शनची सिरिंज आणली आणि जुन्याच काडतुसाला टोचून शाई भरली. चारशे रुपये वाचले. त्या रात्री सुद्धा माझ्यातला कॉमर्सचा पदवीधर झोपला नव्हता.

फोटो सुरेख आला. चौकटीत बसवून खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला. पहिल्या दोन वर्षांत काही झालं नाही. मग शर्टाचं आकाश ढगाळलं. मग धुकं गुलाबी झालं. आणि पंधरा वर्षांत निळा रंग असा काही उडून गेला, की सगळा चेहरा तांबूस झाला. जन्मात कधी न रागावलेला माणूस भिंतीवर लालबुंद होऊन बसला आणि रोज सकाळी मी ऑफिसला निघालो की माझ्याकडे पाहू लागला. ज्या कॉम्प्युटरमध्ये मूळ फोटो होता तो बंद पडून भंगारात गेला होता. आतेभावाचा कॅमेरा लोकलमध्ये गेला होता. राहिला होता तो हा एवढाच.

बँकेत दिवसाअखेर हिशोब लागला नाही की आम्ही एकेक एंट्री तपासत मागं मागं जातो. बाबांचा निळा रंग कुठं गेला याचा शोध मीही तसाच घ्यायचं ठरवलं. मागं जाता जाता थेट १८६७ सालात जाऊन पोचलो.

त्या काळी समुद्राखालून तारायंत्राचे दोर टाकले जात होते. पण हजारो मैलांवरून आलेली वीज इतकी अशक्त होऊन यायची, की तिच्यानं कागदावर लेखणीही ओढवेना. कागदाला घासण्यातच तिचा जीव जायचा. तेव्हा विल्यम थॉमसन या स्कॉटलंडमधल्या प्राध्यापकानं केसासारख्या बारीक काचेच्या नळीतून शाई सोडली, तिच्यात विजेचा भार भरला, आणि ती शाई कागदाला न शिवता कागदावर उडू लागली. सोवळ्यातली लेखणीच म्हणा ना! हेच थॉमसन पुढं लॉर्ड केल्विन झाले. १८७० साली असाच एक दोर एडनहून आपल्या मुंबईला येऊन पोचला. मग १८७८ साली लॉर्ड रॅले यांनी पाण्याची बारीक धार खाली येता येता थेंबांत का तुटते, याचं गणित मांडलं. आमच्या सोसायटीत धार निघतानाच थेंबांची असते, त्यामुळे आमच्याकडे हा शोध लागणं अशक्य होतं.

पण या इतिहासात मला सगळ्यांत आवडला तो रूने एल्मक्विस्ट. हा स्वीडनचा, शिक्षणानं डॉक्टर आणि धंद्यानं यंत्रं बनवणारा. शाईची बारीक धार हलवून कागदावर रेघ काढणाऱ्या त्याच्या यंत्राला १९५१ साली पेटंट मिळालं. आणि त्या यंत्राला काम कोणतं होतं, तर माणसाच्या हृदयाचा आलेख काढायचं. म्हणजे शाईची पिचकारी पहिल्यांदा कामाला लागली ती ना सोसायटीच्या नोटिशीसाठी ना फोटोसाठी. ती लागली कोणाचं तरी काळीज ठीक चाललंय ना, हे बघण्यासाठी. याच एल्मक्विस्टनं १९५८ साली शरीरात बसवायचा पहिला पेसमेकर तयार केला. तो ज्या रोग्याला बसवला तो अर्ने लार्सन पुढं २००१ सालापर्यंत जगला. पेसमेकर बनवणारा एल्मक्विस्ट आणि बसवणारा सर्जन, दोघेही त्याच्या आधी गेले. असा रोगी आमच्या बँकेच्या पेन्शन विभागाला परवडला नसता.

घराघरांत शिरला तो प्रिंटर मात्र १९७७ नंतरचा. त्या साली जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एन्डो काम करत होते. डाख द्यायची तापलेली कांडी चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई फुर्रकन उडाली. (सिरिंज! माझ्या गुन्ह्यातलं हत्यारच शोधाच्या मुळाशी निघालं. फरक इतकाच, की एकाच सिरिंजनं त्यांचं नाव झालं आणि माझा बाप लाल झाला.) थोड्याच काळानं अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्डच्या जॉन वॉटना कॉफीचं भांडं उकळताना बघून तीच कल्पना सुचली. तत्त्व आपल्या चहाच्या आधणाचं. आधण उकळलं की बुडबुडा वर येतो आणि झाकण उडवतो. इथं भांडं केसाहून बारीक, आणि ते तापतं सेकंदाच्या काही लाखाव्या भागात. आतली शाई उकळते, बुडबुडा फुगतो, समोरचा थेंब ढकलून देतो आणि विझतो. सेकंदाला हजारो वेळा. एवढ्या वेळात आमच्या शाखेत टोकनसुद्धा बदलत नाही.

तिसरी तऱ्हा एप्सनची. यांनी शाई तापवलीच नाही. विजेनं आक्रसणारा एक स्फटिक नळीला लावला आणि थेंब पिळून काढला. या कंपनीच्या नावाचीही गंमत आहे. १९६८ साली त्यांनी 'ईपी-१०१' नावाचा छोटा छपाईयंत्राचा नमुना काढला, तो खूप खपला, आणि १९७५ साली पुढच्या मालाला नाव दिलं 'एप्सन', म्हणजे ईपीचा सन, ईपीचा मुलगा. बापाचं नाव लावणारी मुलं यंत्रांतही असतात, हे वाचून मला उगीचच अपराधी वाटलं.

आता आमच्या घरच्या भांडणाचं मूळ. सुरुवातीला हे सगळे प्रिंटर कारकून होते. १९८४ साली आलेल्या थिंकजेटला शाई उडवायची छिद्रं होती १२, किंमत ४९५ डॉलर, आणि कागदही खास लागायचा. १९८८च्या डेस्कजेटला साधा कागद चालू लागला. दोघांचं काम एकच, काळी अक्षरं. पत्रं छापा, बिलं छापा, मान खाली घालून बसा. पुढं कारकुनाला रंगांची हौस आली. १९९१च्या रंगीत नमुन्यात काळं काडतूस तरी बसवा नाहीतर रंगीत तरी, अशी अट होती. रंगीत बसवलं असताना काळं हवं असेल तर तिन्ही रंग एकत्र करून जे होईल ते काळं समजायचं. ते शेवाळी व्हायचं. आमचे हेडकॅशियर याच कारणासाठी आजही सुईनं ठोकणाऱ्या जुन्या डॉट मॅट्रिक्सचे भक्त आहेत. "जो प्रिंटर कागदाला हात लावत नाही, तो कार्बन कॉपी काढणार कशी?" असा त्यांचा बिनतोड सवाल असतो. खरं आहे. न शिवणाऱ्याला ठसा उमटवता येत नाही.

१९९४ साली इंचाला ७२० ठिपके टाकणारा रंगीत प्रिंटर आला आणि कारकुनाच्या मनात कलावंत व्हायचं आलं. पण फोटोत एक पंचाईत होती. निळा, गुलाबीसर तांबडा, पिवळा आणि काळा, एवढ्या चार शायांत माणसाचा गोरटेला गाल काढायचा, म्हणजे गडद ठिपके लांब लांब टाकायचे. लांबून गाल दिसायचा, जवळून देवीचे व्रण. त्यावर उपाय म्हणून १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात फिका निळा आणि फिका तांबडा अशा आणखी दोन शाया आल्या. चाराचे सहा झाले. थेंबही लहान होत होत एक-दोन पिकोलिटरवर आला. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. लाख कोटी हा आकडा मी आजवर बुडीत कर्जाच्या बातम्यांतच वाचला होता. आणि इथंच एका कुळाची दोन घराणी झाली. नोटिशी छापणारं सौ.चं, आणि गाल छापणारं कन्येचं.

गाल छापणाऱ्या घराण्याचा मूळपुरुष एक गवई निघाला. ग्रॅहम नॅश हा 'क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश'मधला गायक. फोटो काढायचा त्याला नाद. छापखान्यातल्या नमुन्याच्या प्रती काढायचं आयरिस नावाचं १,२६,००० डॉलरचं यंत्र त्यानं विकत घेतलं. जाड कागद आत जाईना, म्हणून त्याच्या सहकाऱ्यानं करवत घेतली आणि त्या यंत्राला कापलं. वॉरंटी त्याच क्षणी संपली. आमच्याकडे वॉरंटी संपेपर्यंत टीव्हीवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढत नाहीत. १९९१ साली नॅशनं याच यंत्रावर कलावंतांच्या फोटोंची छपाई सुरू केली. ते यंत्र आज अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. या छपाईला भारदस्त नाव हवं, म्हणून फ्रेंचमधून शब्द आणला 'झिक्ले'. अर्थ पाहिला तर पिचकारी! एवढ्यासाठी फ्रान्सला कशाला जायचं? आमच्या शाखेच्या जिन्यातला प्रत्येक कोपरा झिक्लेनं भरलेला आहे. आणि त्याचा रंग १५ वर्षांत तसूभरही उडालेला नाही.

इथं मी थबकलो. पानाचा रंग राहतो आणि बाबांच्या शर्टाचा जातो, हे कसं?

उत्तर आईनं दिलं, तेही न विचारता. मी टेबलावर कागद पसरून बसलो होतो आणि ती वरणाचा डाग पडलेला माझा शर्ट धुऊन उन्हात टाकत होती. "हळदीचा डाग साबणानं जात नाही," ती म्हणाली. "ऊन लागलं की जातो."

सगळा इतिहास त्या एका वाक्यात होता. शाईच्याही दोन जाती. एक डायची. यात रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. दिसायला झळझळीत, कागदात मुरणारी, पण स्वभाव हळदीचा. ऊन लागलं की तिचा एकेक कण मोडत जातो. दुसरी पिगमेंटची. यात रंगाची बारीक पूड असते, ती न विरघळता कागदावर बसून राहते. ही काजळ आणि गेरूच्या वंशातली. आपल्या जुन्या पोथ्या काजळ घोटून केलेल्या शाईत लिहिल्या, म्हणून कागद पिवळा पडला तरी अक्षर काळंच राहिलं. साध्या प्रिंटरमध्ये पुष्कळदा काळी शाई पिगमेंटची असते आणि रंग डायचे, म्हणजे सौ.ची नोटीस टिकणार आणि माणसाचा चेहरा जाणार. या बाबतीत मोठमोठेही फसलेले आहेत. २००० साली एका नावाजलेल्या फोटो प्रिंटरचे फोटो काही घरांत थोड्याच दिवसांत केशरी पडू लागले. हवेतला ओझोन वायू निळी शाई खात होता. पण त्या बिचाऱ्यांनी शाई तरी चांगली वापरली होती. मी स्टेशनाजवळची हळद भरली होती, आणि वर रोज ऊन दाखवलं होतं.

रविवारी मी आणि कन्या डोंबिवलीहून निघून, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. दुकानदार तरुण होता. मी त्याला छिद्रं, थेंब आणि पिकोलिटर विचारायला सुरुवात केली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, ते राहू द्या. महिन्याला फोटो किती छापणार?"

वाचकहो, एवढा इतिहास वाचून हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी खिशातून कागद काढून तिथंच लेजर मांडलं. नोटिशी, कन्येचे प्रोजेक्ट, अर्ज, आधार कार्डाच्या प्रती, आईसाठी मोठ्या अक्षरांत छापलेली स्तोत्रं, मिळून महिन्याला साठ-सत्तर पानं. फोटो? मी पुन्हा मोजलं. एक. महिन्याला नव्हे, एकूण.

"मग सहा रंगांचा घेऊ नका," तो म्हणाला. "वापरला नाही तर शाई छिद्रांत सुकते. मग सफाई करायची, आणि सफाईतच शाई संपते. रोज रियाज करणाऱ्यानंच तंबोरा घ्यावा." लॅमिंग्टन रोडवर असं मराठी ऐकायला मिळेल अशी अपेक्षा नव्हती. त्यानं मग टाकीचा प्रिंटर दाखवला. काडतूस नाहीच, बाटलीतून सरळ शाई ओतायची. याची सुरुवात म्हणे इंडोनेशियात झाली. तिथले लोक काडतुसाच्या किमतीला कंटाळून प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडायचे. शेवटी २०१० साली कंपनीनंच टाकी लावलेला प्रिंटर तिथल्या बाजारात आणला. म्हणजे सिरिंजवाला मी जगात एकटा नव्हतो. फक्त त्यांच्या काटकसरीतून नवा प्रिंटर निघाला, माझ्यातून निघाला तो लाल फोटो.

साधा चार रंगांचा घेतला. डोक्यावर स्कॅनर होता, तो सगळ्या खोक्यासकट मांडीवर घेऊन परत आलो. कन्या दादरपासून डोंबिवलीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. घराच्या दारात एकदाच म्हणाली, "मला फोटो प्रिंटर माझ्यासाठी नको होता, बाबा. आजोबांसाठी हवा होता."

काय बोलणार? बावीस वर्षं मी लोकांच्या सह्या जुळवतो. घरातली माणसं काय मागतात ते मला जुळवता आलं नाही.

त्या रात्री तिनंच चौकट खाली उतरवली. मागचे खिळे काढले, काच बाजूला केली आणि एकदम ओरडली, "बाबा, हे बघा!"

चौकटीच्या लाकडाखाली फोटोची अर्धा सेंटिमीटरभर कड दबून राहिली होती. पंधरा वर्षं तिला ऊन लागलं नव्हतं. त्या कडेवर बाबांच्या बाहीचा एक तुकडा होता. आकाशी. जसाच्या तसा. आई चष्मा लावून पुढं आली, त्या तुकड्यावरून तिनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "हाच तो. मी आणला होता, दिवाळीला."

मग कन्येनं साध्या प्रिंटरच्या स्कॅनरवर तो लाल फोटो ठेवला, आणि कॉम्प्युटरवर त्या अर्ध्या सेंटिमीटरला साक्षीदार करून उडालेला निळा परत आणायला बसली. साक्षीदार एकच, पण फुटला नाही. एक वाजेपर्यंत शर्ट आला, दीडपर्यंत धुकं आलं. चेहऱ्यासाठी मात्र आईला शेजारी बसवावं लागलं. "इतके गोरे नव्हते ते," "आता बरोबर," "थोडं हसू कमी झालं का गं?" असं चाललं होतं. हसू काही रंगात नसतं, पण कन्येनं ते तसंही थोडं वाढवल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी मी तो बाजारातल्या फोटो स्टुडिओत नेला. पिगमेंट शाईत छापून द्या, असं सांगितलं. त्यांनी पैसे सांगितले. माझ्या तोंडावर 'काही कमी?' हे शब्द आले होते. ते मी गिळले.

बँकेत कागदाचं आयुष्य ठरलेलं असतं. १९८५ सालचे सरकारी नियमच आहेत. काही वह्या ५ वर्षं जपायच्या, काही ८ वर्षं, मग वाट मोकळी. मला वाटतं, प्रिंटर साधा की फोटोचा हा वाद तसा निकामी आहे. कागद दोन प्रकारचे असतात, उद्या फळ्यावरून काढून टाकायचा आणि आपण गेल्यावरही राहायचा. पहिला कसाही छापा. दुसऱ्यात चारशे रुपये वाचवू नका.

नवा फोटो आईच्या सांगण्यावरून आतल्या भिंतीवर लावला. "तिथं ऊन येत नाही," ती म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली. "गेला राग," एवढंच म्हणाली, आणि कुकर लावायला आत गेली.

सौ.नं नव्या प्रिंटरवर पहिली नोटीस छापली, 'उद्या पाणी येणार नाही'. अक्षर उत्तम आलं. पाणी आलं नाही.

आणि तो लाल फोटो? तो मी टाकला नाही. त्याच चौकटीत, नव्या फोटोच्या मागं ठेवून दिला. आमच्याकडे चुकलेलं व्हाउचर फाडत नाहीत. त्यावर आडवी रेघ मारतात, सही करतात आणि बरोबरच्या व्हाउचरला टाचून ठेवतात.